शेवंताचा चौथा महिना

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही. ज्यांच्यापाशी बसून मन मोकळं करावं अशा एकदोघी मैत्रिणी होत्या, त्यांनाही नाही. आता माझ्या वयाच्या बायका गावात दोनच उरल्यात आणि दोघींनाही ऐकू येत नाही. म्हणून हे कागदावर. वाचणारं कोण, मला माहीत नाही — तेच बरं आहे. ओळखीचा चेहरा समोर असता तर माझी जीभ पुन्हा वळली असती. ती कशी वळते, ते मला चांगलं ठाऊक आहे.

कुठून सुरू करू? शेवंतापासूनच करते.

शेवंता माझी धाकटी जाऊ, माझ्या दिराची — किसनची — बायको. आमचं गाव आर्वी तालुक्यात, रोहण्याच्या पलीकडं. लग्न होऊन आली तेव्हा ती सतरा-अठराची असेल. माहेर कारंज्याकडचं. उंच, हाडापेरानं भरलेली पोरगी. हसली की हिरड्या दिसायच्या, आणि त्या दिसतात म्हणून हसताना तोंडावर पदर धरायची. आमच्याकडं मोठ्या बहिणीला 'बाई' म्हणतात. तिनं मला पहिल्या दिवसापासून 'बाई'च म्हटलं, जाऊबाई कधी नाही.

मला ते आवडलं होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल, ही पहिल्यापासून तिचा रागच करत असणार. नव्हते करत. आम्ही एका ताटात जेवलो. कापूस वेचताना शेजारच्या ओळीत चाललो. तिची ओटी माझ्याआधी भरायची आणि मग ती माझ्या ओटीत दोन-चार मुठी टाकायची — सासूबाईंनी मला मागं पडली म्हणू नये म्हणून. असं होतं ते सगळं. मग?

मग असं, की माझ्या लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि माझी कूस रिकामी होती. तिला लग्नानंतर चार महिन्यांत दिवस गेले.

बायकांना याहून जास्त सांगावं लागत नाही. पण एवढ्यानं काही झालं नसतं. जळणं वेगळं, करणं वेगळं. जळतात तर पुष्कळजणी.

आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. मामाजींनी — म्हणजे माझ्या सासऱ्यांनी — त्याच्या आदल्या वर्षी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. परत आले ते निराळेच माणूस होऊन आले. देव्हाऱ्यातले टाक त्यांनी स्वतःच्या हातानं नदीत सोडले. ओसरीवर सगळ्यांना उभं करून म्हणाले, "आजपासून या घरात अंगारा नाई, उतारा नाई, भगत नाई. दुखलं-खुपलं त डाक्टर. समजलं?" रोज संध्याकाळी सगळ्यांना बसवून पंचशील म्हणायला लावायचे. मी चार बुकं शिकलेली होते, मला आधी पाठ झालं. मग मीच पुढं म्हणायची आणि बाकीचे माझ्या मागून. 'खोटं बोलणार नाही' — त्यातलं हेही मीच पुढं म्हणायची.

शेवंताला ओकाऱ्या सुरू झाल्या तेव्हा पहिले आठ-पंधरा दिवस कुणी मनावर घेतलं नाही. ओकाऱ्या कोणाला होत नाहीत? सासूबाई म्हणाल्या, तिसरा सरला की थांबतील. पण हिचं निराळं होतं. सकाळच्या वेळीच असं नाही, दिवसभर. भाकर सोडा, पाण्याचा घोट टिकत नव्हता. तोंडाला सारखी लाळ सुटायची, ती गिळली तरी उमळून यायचं, म्हणून उशाशी राखेचं गाडगं ठेवलं होतं. लाह्यांचं पाणी, सुंठ, मोरावळा, मीठ लावलेली लिंबाची फोड — सासूबाईंनी सगळं करून पाहिलं. पडायला पोटात काही उरलं नाही तेव्हा हिरवं पाणी पडायला लागलं. कधी त्यात रक्ताचा बारीक धागा. लुगड्याच्या निऱ्या कमरेवर राहिनात. डोळे आत गेले, ओठांवर पापुद्रे धरले, आणि तोंडाला एक वास यायला लागला — पिकून सडू लागलेल्या फळासारखा. तो वास अजून माझ्या नाकात आहे.

वेचणीचे दिवस होते. सासूबाईंचे गुडघे गेलेले. स्वयंपाक माझ्याकडं, पाणी माझ्याकडं, रान माझ्याकडं, आणि घरी आलं की ते गाडगं उपसणंही माझ्याकडं. मी तिच्याकडं बघायची आणि मनात म्हणायची — सोंग करते. लाडावली आहे. जगात हिलाच काय ते लेकरू होणार आहे.

आणखी एक आहे. हेही सांगून टाकते, म्हणजे राहून जायला नको. तिला जवसाच्या तेलाचा वास सोसत नसे. तापलेल्या तेलाचा वास लागला की ती खाटेवर दुमडून जायची. मला ते माहीत होतं. घरात तिळाचं तेलही होतं. मी जवसाचंच घेत राहिले. एकदा तर कढईतलं तेल पार धूर येईपर्यंत तापू दिलं. आतून तिच्या ओकारीचा आवाज आला. मी मोहरी टाकली.

कुणी पाहिलं नाही. फोडणीच तर दिली होती — यात कोणी काय पाहणार?

शेवटी मामाजींनीच विषय काढला. त्यांना स्वतःला थंडीताप भरला होता, घोंगडी पांघरून बसले होते. म्हणाले, "पोरीचं लक्षण ठीक नाई दिसून राह्यलं. उद्या आर्वीले न्या." किसन तेव्हा पुलगावला कामाला होता, पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा. माझ्या नवऱ्याला रान सोडता येत नव्हतं. मी लिहा-वाचायला शिकलेली, दवाखान्यात धीटपणे बोलेन, म्हणून मी. नवऱ्यानं बैलबंडीतून सडकेपर्यंत सोडलं, पुढं मोटारीनं आम्ही दोघीच. मोटारीत तिला तीनदा ओकारी झाली. लोकांनी तोंडं फिरवली. मला तिची कीव यायला हवी होती. मला लाज वाटली.

आर्वीच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. मध्यम वयाच्या, पांढरं पातळ, कपाळ मोकळं. आमच्या माणसांना डॉक्टर त्या काळी कसे तपासायचे ते तुम्ही ऐकलं असेल — लांबून. या बाईंनी शेवंताला स्वतः हात धरून बाकावर निजवलं. तिची जीभ पाहिली. दंडाची कातडी चिमटीत धरून सोडली; ती तशीच उभी राहिली, लगेच खाली बसली नाही. लघवी मागवून काचेच्या नळीत काही औषध घालून पाहिली. तिचं तोंड आपल्या रुमालानं पुसलं. मग मला बाहेरच्या पडवीत बोलावलं.

त्या काय बोलल्या, ते मला अक्षर न् अक्षर आठवतं. आठवत नसतं तर बरं झालं असतं.

"हे बघ, ही नेहमीची ओकारी नव्हे. हिच्या अंगातलं पाणी आटलंय, रक्तात विष चढतंय. पोटातून औषध देऊन भागायचं नाही. शिरेतून सलाईन द्यायला हवं, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं द्यायला हवीत, आठ-दहा दिवस दवाखान्यात ठेवायला हवं. इथे तेवढी सोय नाही. उद्याच्या उद्या वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात न्या. मी चिठ्ठी देते. घरात मोठं कोण आहे?"

मी म्हटलं, "सासरे."

"त्यांना नीट सांगशील? उशीर झाला तर पोरगी हातची जाईल. वेळेवर नेली तर दोघंही जगतील, आईही आणि मूलही."

मी मान हलवली. आत येऊन त्यांनी तिथल्या तिथं शेवंताला एक मोठं इंजेक्शन दिलं, शिरेतून, हळूहळू. चार पुड्या दिल्या. इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी माझ्या हातात दिली, आणि माझ्या मुठीवर आपला हात ठेवून ती मूठ मिटली.

परतीच्या मोटारीत शेवंता माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. त्या इंजेक्शनानं तिला जरा आराम पडला होता, किती दिवसांनी तिला शांत झोप लागली होती. आणि मी काय करत होते? मी हिशेब करत होते. आठ-दहा दिवस वर्ध्याला. सोबत कोण जाणार? मीच. वेचणी पडणार. परत आल्यावर हिला जपायचं, हिला फळं, हिला दूध. मग हिचं बाळंतपण मी करायचं. बारशाला सगळी हिला घेरून बसणार आणि मी चुलीपाशी. सासूबाई माझ्याकडं त्या नजरेनं बघणार. आणि मग वाटलं — आता तर झोपली आहे. बरी आहे की. डॉक्टर लोकांना घाबरवायची सवयच असते.

हे सगळं मनात आलं खरं. पण ठरवलं मी काहीच नव्हतं. खरंच नव्हतं. घरी पोचलो. मामाजी घोंगडीत बसून वाटच पाहत होते.

"काय म्हनलं डाक्टरीनबाईनं?"

"काई नाई म्हने, मामाजी. पहिलटकरीन हाय, होते असं. सुई देल्ली, पुड्या देल्ल्या. आपोआप थांबन म्हने."

एवढंच. एका दमात. आवाज कापला नाही, नजर हलली नाही. मामाजींनी सुटकेचा श्वास टाकला. "डाक्टर म्हनते त मंग खरं असन," ते म्हणाले.

पाहा ना — भगताला त्यांनी दारात उभं केलं नसतं. शेजारपाजारच्या शंभर जणांनी शंभर सल्ले दिले असते तर ते त्यांनी झिडकारले असते. त्यांचा विश्वास एका गोष्टीवर होता, शिकलेल्या माणसाच्या शब्दावर. आणि तो शब्द मी आणला होता, माझ्या तोंडात, बदलून.

त्या संध्याकाळी शेवंता दोन घोट पाणी प्यायली आणि ते टिकलं. सासूबाई म्हणाल्या, "पाह्यलं? फरक पडला." मलाही वाटलं, पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवताना ती चिठ्ठी मी जाळात घातली. कागद जाड होता, लवकर पेटेना. काडीनं ढकलावा लागला.

दुपारी ओकाऱ्या पुन्हा सुरू झाल्या.

तेव्हा सांगता आलं असतं. चिठ्ठी हरवली म्हणाले असते, विसरले म्हणाले असते, मला नीट समजलं नव्हतं म्हणाले असते. वेड्यासारखं काहीही. वर्ध्याला न्या एवढे दोन शब्द बोलले असते तरी पुरत होतं. पण ते बोलायचं तर कालचं खोटं उघडं पडणार. आज सांगू, उद्या सांगू — असे अकरा दिवस गेले. अकरा. मी रोज रानात जात होते, रोज गाडगं उपसत होते, रोज संध्याकाळी पंचशील म्हणत होते. सगळे माझ्या मागून म्हणत होते. शेवंता खाटेवरून ओठ हलवायची.

आठव्या-नवव्या दिवशी ती मला म्हणाली, "बाई, तुमी दोन-दोन काऊन दिसून राह्यले?" मी जवळ जाऊन पाहिलं. तिची बुबुळं एका जागी ठरत नव्हती, आडवी थरथरत होती. मग उठून बसवलं तर बसता येईना, उभं केलं तर पाय कुठं पडतात ते तिला कळेना. मग ती मला 'माय' म्हणायला लागली. माझा हात धरून माहेरच्या विहिरीचं, कुठल्याशा बकरीचं काहीबाही बोलायची. सासूबाई घाबरल्या. मामाजी म्हणाले, "डाक्टरीन त काई नाई म्हने..." आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "हो ना मामाजी. असंच म्हनली ते."

दुसऱ्यांदा.

किसन सुटीवर आला. त्यानं दारातूनच तिला पाहिलं आणि हातातली पिशवी तिथंच टाकली. कुणाला काही विचारलं नाही. आर्वीची डॉक्टरीण काही नाही म्हणाली, असं मामाजी सांगत राहिले, तो थांबला नाही. बायकोला दोन्ही हातांवर उचललं — ती तोवर लेकरासारखी हलकी झाली होती — आणि बंडीत घालून घेऊन गेला. वर्ध्याला.

तिथं सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. जीव वाचला. पण पोटातलं मूल दुसऱ्याच दिवशी गेलं, चौथ्या महिन्यात. डॉक्टरांनी किसनला सांगितलं की उपाशी राहून राहून अंगातलं एक जीवनसत्त्व संपतं आणि मग मेंदूला इजा होते. त्याचं इंजेक्शन आठ-दहा दिवस आधी मिळायला हवं होतं. "एवढा उशीर का केलात?" असं ते त्याच्यावर ओरडले. किसन म्हणाला, आर्वीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं होतं, त्या काही नाही म्हणाल्या.

शेवंता दीड महिन्यानं घरी आली. पाय फेंगडे टाकत, भिंत धरून. डोळ्यांची थरथर थांबली होती. बोलायची चांगलं, माणसं ओळखायची, लहानपणचं सगळं सांगायची. पण नवीन काही तिच्या डोक्यात राहत नव्हतं. जेवून उठली की थोड्या वेळानं विचारायची, जेवण झालं का आपलं.

मामाजींचा संताप अनावर झाला. अंगात ताकद नव्हती तरी काठी टेकत आर्वीला गेले आणि त्या बाईंना त्यांच्या दवाखान्यात, सगळ्या रोग्यांदेखत, नाही नाही ते बोलून आले. परत आले. हातपाय धुतले. ओसरीवर बसले. किसन होता, माझा नवरा होता, सासूबाई होत्या. शेवंता भिंतीला टेकून बसली होती. मला बोलावलं.

"ते बाई म्हनते, मी चिठ्ठी देल्ली होती. वर्ध्याले न्या म्हून सांगतलं होतं, म्हनते. खरं काय हाय, सूनबाई?"

आता ऐका. हे त्या पहिल्या खोट्यासारखं नव्हतं. तेव्हा तोंडातून निसटलं असं म्हणता येईल, यावेळी तसं म्हणता येणार नाही. मला वेळ होता. सगळे माझ्याकडं बघत होते आणि मला पुरता वेळ होता. मी पहिली गोष्ट कोणती केली असेल? मी शेवंताकडं पाहिलं. तिला काही आठवतंय का — ते. ती नखानं जमिनीवरचं शेण खरवडत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

मग मी म्हटलं, "नाई मामाजी. काई देल्लं नाई तिनं. आपल्यावर आलं म्हून आता सांगून राह्यली."

मामाजींनी मान हलवली. "वाटलंच मले," ते म्हणाले. "आपली पोरगी खोटं नाई बोलत." सून नाही म्हणाले. पोरगी म्हणाले.

ती गोष्ट गावभर झाली, आसपासच्या गावांत गेली. आमच्या लोकांतल्या बायका त्या डॉक्टरीणबाईंकडं जाईनाशा झाल्या. आमच्या बाईमाणसाला न बिचकता हात लावणारी ती एकटीच होती, आणि तिच्याकडं जायचं बंद झालं. त्यापायी कोणाकोणाचं काय झालं असेल, कोण घरातच तळमळत राहिली असेल, ते मी कधी विचारलं नाही. कुणी काही सांगायला लागलं की मी उठून जायची. वर्षभरानं त्यांची बदली झाली, असं कानावर आलं. त्यांना कमीपणा मी आणला, आणि तो कधी भरून काढला नाही.

किसननं तीन वर्षं काढली. मग घरच्यांनी भरीला घातलं, त्यानं दुसरी बायको केली आणि पुलगावलाच राहिला. शेवंता आमच्याकडं राहिली. तिला न्हाऊ घालणं, जेवू घालणं, बाहेर नेऊन आणणं — सगळं मी केलं. सव्वीस वर्षं. मधल्या काळात मला तीन मुलं झाली. हो, झाली. पहिली मुलगी झाली तेव्हा शेवंता तिला मांडीवर घेऊन बसायची, कपाळाशी कपाळ लावायची, आणि मला विचारायची, "बाई, मले कितवा लागला?"

मी म्हणायची, "चौथा."

दुसरं काय सांगणार होते? पहिल्यांदा खरं सांगून पाहिलं होतं — तुझं गेलं शेवंता, राहिलं नाही. ती इतकी ऊर बडवून रडली की आवरेना. आणि घटकाभरानं पुन्हा विचारलं. म्हणजे दर वेळी तिचं मूल नव्यानं जाणार. म्हणून चौथा. केस पिकले तरी चौथा. ती पोटावर हात ठेवायची आणि समाधानानं म्हणायची, "मंग आता ओकाऱ्या थांबतीन." मी म्हणायची, थांबतील.

लोक मला म्हणायचे, जाऊ असून सख्ख्या बहिणीसारखं करते. मी ऐकून घ्यायची. तुम्हीही कदाचित मनात म्हणत असाल की केलं ते केलं, पण पुढं आयुष्यभर फेडलं तर. तसं म्हणू नका. माया होती, नाही असं नाही. पण सोबत भीतीही होती. तिला दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं आणि एखाद्या दिवशी तिला ती पडवी, ते बाक, माझ्या मुठीतला तो कागद आठवला तर? तिचे भाऊ एकदा माहेरी न्यायला आले होते. मी पाठवली नाही. तिचे हाल होतील म्हटलं. लोकांना त्यातही माझी मायाच दिसली.

सुरुवातीला मी लिहिलं की कुणालाच सांगितलं नाही. ते पुरतं खरं नाही. एकीला सांगितलं — तिलाच. एका दुपारी घरात कोणी नव्हतं. अंगणात तिच्या डोक्याला तेल लावत होते. काय झालं कोण जाणे, मी बोलायला लागले. मागून, तिचा चेहरा न बघता. आर्वी, चिठ्ठी, चूल, अकरा दिवस, मामाजींना दिलेलं उत्तर, जवसाचं तेल — सगळं. ती हलली नाही. माझं बोलणं संपल्यावर ती वळली. तिला समजलं होतं. त्या घडीला तिला सगळं समजलं होतं, तिच्या डोळ्यांत मी ते पाहिलं. तिनं विचारलं,

"काऊन नाई सांगतलं, बाई?"

मी तोंड झाकून रडत राहिले. किती वेळ, माहीत नाही. मग माझ्या गालावर हात आला. ती वाकून माझं तोंड पाहत होती, तिच्या नेहमीच्या साध्या चेहऱ्यानं. "बाई, काऊन रडून राह्यले? कोनं काई म्हनलं काय?" आणि आपल्या पदरानं माझे डोळे पुसायला लागली.

मी पुसू दिले. आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं. सांगूनही झालं आणि कुणाला कळलंही नाही. म्हणून तर मी तिची निवड केली होती, दुसरं काय? तिनं विचारलेला प्रश्न तिच्याजवळ राहिला नाही. माझ्याजवळ राहिला. त्याचं उत्तर अजूनही मला देता येत नाही. हेवा म्हणू, आळस म्हणू, भीती म्हणू — कुठलंच पुरं पडत नाही.

शेवंता एका हिवाळ्यात न्युमोनियानं गेली. आजारपण चार दिवसांचं. मामाजी-सासूबाई तोवर राहिले नव्हते. पुण्यानुमोदनाला — आमच्याकडं आता तेराव्याऐवजी तेच करतात — किसन आला, त्याची दुसरी बायको आली, मुलं आली. वंदना झाली. कोणी कोणी चार शब्द बोललं. मग किसन उठला. तो कधी चारचौघांत बोलत नसे. त्यालाही म्हातारपण आलं होतं. म्हणाला, "मी तिले सोडून गेलो. वैनीनं नाई सोडलं. मी मानूस म्हनवून घ्याच्या लायकीचा नाई राह्यलो, पन वैनीनं आमच्या घराची इज्जत राखली." आणि सगळ्यांसमोर माझ्याजवळ येऊन त्यानं माझ्या पायांवर डोकं टेकलं. रडत होता. त्याच्या डोळ्यांचं पाणी माझ्या पावलांना लागलं.

मी पाय मागं घेतले नाहीत.